शुक्रवारचा कोमट पिझ्झा

करी रोड स्थानकात उतरून परळच्या काचेच्या मनोऱ्यांकडे निघालेल्या नोकरदाराला उत्साही ठेवणं हा आता स्वतंत्र धंदा झाला आहे. त्यासाठी ‘एंगेजमेंट’ची प्रश्नावली असते, शुक्रवारी माणशी दोन तुकडे कोमट पिझ्झा असतो आणि वर्षातून एकदा लोणावळ्याला नेऊन रस्सीखेच असते. सल्लागार याची घसघशीत फी लावतात. कामगाराला काय हवं हे जाणून घेण्याचं काम याच परळात १८८४ साली फुकटात उरकलं होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन निघालं : आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, कामावर जखमी झाल्यास बरं होईपर्यंत वेतन. प्रेरणा कुणीच मागितली नव्हती. बहुधा ती त्यांच्याकडे पुरेशी होती. कमी होती ती झोप.

असले लाड धंद्याला परवडत नाहीत, हा आक्षेप तेव्हाही होता. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली आणि पुढच्या दहा वर्षांत मुंबईतल्या गिरण्या कमी होण्याऐवजी वाढल्याच. तरी २०२५च्या जानेवारीत एका बड्या कंपनीच्या अध्यक्षांना रविवारी काम करून घेता येत नसल्याची खंत वाटली. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, अशी विचारपूसही त्यांनी केली. इतकी आपुलकी गिरणीमालकांनाही सुचली नव्हती.

कामगारांचं ऐका म्हटलं, की हमखास उत्तर येतं : ऐकत बसलं की १९८२चा गिरणी संप होतो. पण अडीच लाख कामगार १८ जानेवारीला संपावर गेले, ते आधी कुणी ऐकलं नाही म्हणून. बदली कामगारांना कायम करा, ही त्यांची एक मागणी होती. बदली म्हणजे पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. गिरण्या संपाने बुडाल्या हे अर्धंच खरं; जुनाट यंत्रं, भिवंडीचे यंत्रमाग आणि जमिनीचा चढता भाव यांनीही आपापला वाटा उचलला. गिरण्या गेल्या, बदली मात्र राहिला. तो आता गणवेश घालून मनोऱ्याच्या दारात पाहुण्यांचे पास बनवतो. ‘तुम्हाला इथे आपलेपणा वाटतो का?’ ही प्रश्नावली त्याच्यापर्यंत जात नाही, कारण तो कंत्राटदाराचा माणूस. ते योग्यच. त्याला आपलं म्हटलं, की बोनस आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब मागे लागतो.