पाकळीचा ल

माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. उधारीच्या वह्या तीन आणि वसुलीची एक, तीही बरीचशी कोरी. अशा दुकानाला वेबसाइट कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडलाही, पण ॲडव्हान्स देऊन झाल्यावर.

आमच्या धर्मापुरीत हे काम करणारा एकच गडी. गाव त्याला 'वेबवालं' म्हणतं. पोरगं कितीही थोर झालं तरी आमच्याकडं ते नपुंसकलिंगातच राहतं, त्यात अपमान काही नाही, माया आहे. ते घरी बसून बाहेरगावची, बाहेरदेशची कामं करतं. याला फ्रीलान्स म्हणतात, असं त्यानं सुरुवातीला चारचौघांत सांगितलं. गावानं त्यातलं 'फ्री' तेवढं ऐकलं. तेव्हापासून शाळेच्या गॅदरिंगची पत्रिका, भावी सरपंचाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणि हरवलेल्या म्हशीचा व्हॉट्सॲपवर टाकायचा फोटो, सगळं त्याच्या दारात येऊन पडतं.

त्याची गिऱ्हाइकं जागी असतात तेव्हा गाव झोपलेलं असतं, म्हणून ते रात्री जागतं आणि सकाळी दहाला उठतं. "रातभर उजेड अन् दिवसभर घोरणं, माझ्या पोटी घुबड आलं," असं त्याची आई वाड्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. उजेडाचंही खरं म्हणजे नक्की नसतं. परळीचं थर्मल इथून जवळ. पण दिव्याखाली अंधार ही म्हण आमच्याकडं शब्दशः घ्यायची असते. वीज गेली की ते इन्व्हर्टरच्या जिवावर चालतं, आणि इन्व्हर्टरही गेला की गच्चीवर जाऊन 'विचार' करतं. त्याचं सगळ्यात मोठं काम गच्चीवरच होतं, असं ते म्हणतं. आजवर गच्चीवरून खाली काही आलेलं मी तरी पाहिलं नाही.

कुठल्याही धंद्याला माल लागतो. माझा माल गोदामात असतो, त्याचा कम्प्युटरमध्ये. फोल्डरचं नाव 'स्फूर्ती'. त्याच्याशेजारी 'स्फूर्ती नवी', मग 'स्फूर्ती नवी फायनल' आणि सगळ्यात खाली 'स्फूर्ती फायनल खरी'. त्यानं एकदा मला ती उघडून दाखवली. एसटीच्या पाट्यांचे फोटो. ट्रकच्या मागच्या फळ्यांचे फोटो. कमल शेडग्यांनी रेखलेल्या नाटकांच्या नावांची जुन्या वर्तमानपत्रांतली कात्रणं. मोडीतली खरेदीखतं. पिठाच्या गिरणीवर पेंटरनं ब्रशनं काढलेला 'दळण' हा शब्द, सात कोनांतून. माझ्या दुकानाचाही फोटो होता. मी हरखलो. जवळून पाहिलं तर दुकान अर्धवट कापलेलं आणि मधोमध शेजारच्या सलूनची पाटी.

"यातलं कामाला काय येतं?" मी विचारलं.

"मामा, सगळंच येतं."

"कधी?"

"वेळ आली की."

रंगांचंही तसंच. स्क्रीनवर 1 कोटी 67 लाख 77 हजार 216 रंग दाखवता येतात, ही संख्या ते पाढ्यासारखी म्हणतं. तरी त्याला ते पुरले नाहीत. त्यानं स्वतःची वही केली आहे: करडईच्या फुलाचा, हुरड्याच्या कणसाचा, पहिल्या पावसानंतरच्या काळ्या रानाचा, थर्मलच्या राखेचा. प्रत्येकापुढं सहा खुणांचा कोड. मी म्हटलं, "आपल्याला लाल दे, ट्रॅक्टरसारखा." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून गेलो होतो.

छंद वेगळा आणि काम वेगळं हे त्याला कळतच नाही. गेल्या पोळ्याची गोष्ट. शिंगांना हिंगूळ, वर बेगड, अंगभर ठिपके, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा हा बैलाचा थाट साऱ्या गावाला पाठ. वेबवाल्यानं बापाला सांगितलं, यंदा बैल मी सजवतो. शिंगांना फिकट राखाडी दिला, तोही टोकाकडं विरत जाणारा. कपाळावर एकच पिवळा ठिपका. बाकी बैल पांढराशुभ्र, झूल नाही, काही नाही. वेशीत मिरवणूक आली तशी माणसं दबक्या आवाजात विचारू लागली, "यांच्याकडं सुतक हाय का?" बाप संध्याकाळपर्यंत घराबाहेर पडला नाही. पोरगं मात्र शांत होतं. "रिकामी जागा सोडली की नजर बरोबर बैलाच्या डोळ्यावर जाते," ते म्हणालं. खरं सांगायचं तर माझी गेली होती. पण असं पोळ्याच्या दिवशी बोलायचं नसतं.

पाहुणा आला की ते त्याला केदारेश्वराच्या देवळात नेतं. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं देऊळ, बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदऱ्या. लहानपणी आम्ही तिथं लपाछपी खेळलो. दगडात शिकण्यासारखं काही आहे हे कुणी सांगितलं नाही. ते सांगतं. "हे अधिष्ठान म्हणजे फूटर, ही जंघा म्हणजे बॉडी, अन् शिखर म्हणजे हेडर. त्यांनी खालून वर बांधलं, आपण वरून खाली बांधतो, म्हणून आपलं टिकत नाही." गावच्या किल्ल्याच्या तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड कुठं आडवे, कुठं उलटे बसवलेले दिसतात, त्याला ते कॉपी-पेस्ट म्हणतं. सुरसुंदऱ्यांना मूर्तिशास्त्रात नावं आहेत, हेही मला त्याच्याकडूनच कळलं. आरशात बघते ती दर्पणा. पत्र लिहिते ती पत्रलेखिका. आणि एक असते, तिचं वस्त्र माकड ओढत असतं.

"मामा, दर्पणा म्हणजे काम सुरू करतानाचा डिझायनर. पत्रलेखिका म्हणजे पेमेंटची आठवण करून देणारा डिझायनर. अन् तिसरी..."

"तिसरीतलं माकड कोण?"

ते गप्प बसलं. मी त्या आठवड्यात तिसऱ्यांदा लाल रंगाचा विषय काढला होता.

पण त्याचं खरं दैवत अंबाजोगाईला आहे: दासोपंतांची पासोडी. सोळाव्या शतकातला हा माणूस. गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या लिहिल्या आणि तरी हात थांबेना, म्हणून सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर पंचीकरण लिहून काढलं. त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, असं म्हणतात. वेबवाल्याला रोज दीड जीबी डेटा लागतो आणि तो संध्याकाळी सातलाच संपतो. "जगातली पहिली वेबसाइट 1991 ची, टिम बर्नर्स-ली यांची," ते सांगतं, "पण खाली खाली वाचत जायचं लांबलचक पान दासोपंतांनी आधीच करून ठेवलं." मी म्हटलं, "पंतांनी पूर्ण केलं, हा एक फरक." त्यावर ते गच्चीवर गेलं.

आता माझ्या वेबसाइटबद्दल. मी त्याला पेनड्राइव्हवर मजकूर दिला होता. गावातल्या टायपिंगवाल्याकडून करून घेतलेला, जुन्या फॉन्टमधला. याच्या कम्प्युटरवर उघडला तर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. "हा युनिकोड नाही," ते म्हणालं. तो मजकूर पुन्हा टाइप करायला हवा होता. तो होईपर्यंत जागा भरायला त्यानं एक तयार लॅटिन मजकूर टाकला. लोरेम इप्सम. सिसेरो नावाच्या रोमन वक्त्यानं इ. स. पूर्व 45 मध्ये लिहिलेल्या ग्रंथातला तुकडा मोडतोड करून केलेला, म्हणे. त्याला अर्थ नसतो, तो नुसता जागा धरतो. ग्रामपंचायतीत अशी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळं मला ते लगेच पटलं. पण साइटचा पत्ता मी हौसेनं आधीच दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतला होता. आठच दिवसांत एक शेतकरी मोबाइल पुढं धरून आला.

"हे लोरेम इप्सम कोणत्या किडीवर मारायचं? पंपाला किती घ्यायचं?"

मी म्हटलं, "माल संपलाय."

तो म्हणाला, "मग मागवून ठेवा. पेपरात नाही आलं अजून, म्हणजे चांगलंच असणार."

हे ऐकून वेबवाल्यानं चार दिवसांत खरा मजकूर टाकला. पहिल्या पानावर फोटो एकच. ओंजळभर तूर, ओंजळ एका म्हातारीची, नखांत काळी माती. बाकी सगळं पान मोकळं.

"एवढी जागा रिकामी कामून सोडली?" मी विचारलं. "प्लॉट पाडायचेत का?"

"तिथं काही लिहायचं नाही, मामा."

"मी पैसे अख्ख्या पानाचे दिलेत."

त्यावर ते मला समजावून सांगत बसलं नाही. स्क्रीनकडं बघत राहिलं. मग म्हणालं, "याच्यातला ल खटकतोय."

'कृषी सेवा केंद्र, आपले स्वागत आहे'. मी 'आपले' पाहिलं. ल ठीक होता. चांगला ठळक होता. "ल ल असतो," मी म्हटलं. तेव्हा मला कळलं, की नसतो. एक दंडाचा ल असतो, तो हिंदीच्या वळणाचा, उजवीकडं सरळ काठी. आणि एक पाकळीचा ल, आपला, दोन पाकळ्या एका देठावर. तसाच गाठीचा श वेगळा आणि देठाचा श वेगळा. सरकारनंही 2022 च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श वापरायला सांगितलं आहे. शाळेत आम्ही पाकळीचाच गिरवला; मग छापखान्यात, मोबाइलवर, फ्लेक्सवर काठीवाला कधी येऊन बसला, कुणाच्या ध्यानात आलं नाही. पानाची भाषा हिंदी नसून मराठी आहे असं ब्राउझरला सांगावं लागतं आणि फॉन्टमध्येही ती सोय असावी लागते, मगच आपला ल दिसतो. विंडोजमधला मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी कसा घडवला, तिथपासून त्यानं सांगायला घेतलं. गिऱ्हाईक आलं म्हणून मी सुटलो.

हे सगळं ठीक. पण या गृहस्थाची स्वतःची वेबसाइट आहे, ती सात वर्षांपासून एका ओळीची आहे: 'लवकरच येत आहे'. मुलगी दाखवायला आलेल्या पाहुण्यांनी ती मोबाइलवर उघडली होती. मुलीच्या मामानं विचारलं, "काय येत आहे?" बाप म्हणाला, "नोकरी." सोयरीक तिथंच थांबली.

शेवटी मीच एकदा त्याला बसवून चार शब्द सुनावले. दुसऱ्याची दुकानं सजवतोस, स्वतःच्या दाराला तोरण नाही. तुझ्याकडं एवढी स्फूर्ती आहे, ती फायनल आहे, ती खरी आहे, मग वापर की बाबा. त्याला लागलं असावं. आठ दिवस ते घराबाहेर दिसलं नाही. म्हशीचे फोटो परत गेले. एका सरपंचाचा वाढदिवस फ्लेक्सविना पार पडला. आई म्हणाली, दिवसासुद्धा जागंच असतं.

नवव्या दिवशी ते दुकानात आलं. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली, चेहऱ्यावर पोरगी झाल्याचा आनंद. "मामा, बघा." मी मोबाइल घेतला.

'लवकरच येत आहे'.

मी वर पाहिलं, खाली पाहिलं, बोटानं सरकवून पाहिलं. दुसरं काही नव्हतं. शिवी ओठांवर आली होती. आणि मग दिसलं. सुरुवातीच्या अक्षराला दोन पाकळ्या होत्या. उघडायच्या बेतात असलेल्या कळीसारख्या, राखाडी पानावर करडईच्या रंगात. भोवती सगळी जागा मोकळी.

"बरं दिसतंय," मी म्हणालो. एवढंच म्हणालो.

परवा लेकीच्या लग्नाची पत्रिका छापायला गेलो. प्रेसवाल्यानं नमुना पुढं केला. नावं बरोबर, मुहूर्त बरोबर. 'मंगल कार्यालय' या शब्दांवर माझं बोट थांबलं, ते पुढं सरकेचना.

"हा ल बदला," मी म्हटलं. "पाकळीचा टाका. अन् या कडेला एवढं भरू नका, मोकळं राहू द्या."

प्रेसवाल्यानं चष्मा वर केला, माझ्याकडं नीट पाहिलं. "मामा, ल ल असतो."

"नसतो," मी म्हणालो, आणि समजावून सांगायला पुढं वाकलो.

त्यानं मान आत वळवून पोराला हाक मारली. "चहा सांग रे. हे बी वेबवालं झालंय."