मंडईतली तब्येत तपासणी

भाऊबीज आटोपली की भंडारा-पवनी रस्त्यावरच्या अड्याळच्या पंचक्रोशीत मंडयांचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, मोसम सुरू होतो. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे उतरतात, दिवसा दंडारीचं लोकनाट्य, रात्री झाडीपट्टीचं नाटक आणि या सगळ्याच्या मधल्या वेळात पाहुण्यांच्या तब्येतीची तपासणी. ती कुठल्याही पत्रकात छापलेली नसते, पण कधी रद्दही होत नाही.

पाहुणी ओसरीवर चप्पल काढते न काढते, तोच आत्याबाईंचा निकाल लागतो, "काहून वो बाई, लय मोटी झाली!" तासाभराने शेजारच्या घरी तीच पाहुणी, तीच साडी, आणि मामींचा निकाल, "पार सुकली वो! सासरी खायले देत नाही का?" निकाल कोणताही लागो, पुढे ताट एकच येतं. करंज्या, अनारसे, चकल्या आणि वर चिवड्याचा ढीग. मोटी ठरलेलीने नको म्हटलं तर आमच्या हातचं चालत नाही, आणि घेतलं तर मग कशी कमी होणार!

धानाचं बरं असतं. आधारभूत खरेदी केंद्रावर त्याचं वजन एकदाच होतं, ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो आणि नुसत्या नजरेने कुणी काटा करत नाही.

शहरात याला 'बॉडी पॉझिटिव्हिटी'चा उतारा सांगतात. आहे ते शरीर आपलं माना, लाजू नका. या विचाराची एक ठिणगी १९६७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पडली. सुमारे पाचशे माणसं जमली, खाल्लं-प्यायलं आणि डाएटची पुस्तकं व ट्विगी या काटकुळ्या मॉडेलचे फोटो त्यांनी जाळले. अड्याळकडे असं काही पेटवायचं झालं तर आधी आत्याबाईंना विचारावं लागेल, आणि त्या म्हणतील, पहिले फराळ करून घ्या.

महाराष्ट्राने आपल्या परीने वजनावर दोन पंथ काढले. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर सांगत आल्या, थोड्या थोड्या वेळाने खा, तुपाला घाबरू नका. यावर राज्यभर घराघरांत भांडणं झाली. मंडईने मात्र दोन्ही पंथांचा मेळ घातला आहे. दर दोन तासांनी खायचं, आणि दर वेळी ५५ मिनिटं!

एवढं खाऊन वाढतं किती? अमेरिकेत १९५ प्रौढांची सणासुदीच्या सुट्ट्यांच्या आधी आणि नंतर वजनं घेतली गेली. २००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निष्कर्ष आला, सरासरी वाढ ३७० ग्रॅम. वाढ त्याहून कितीतरी जास्त झाली असणार, असं त्या माणसांना स्वतःलाच वाटत होतं. ती वाढ पुढे वर्षभर उतरली नाही, हेही त्याच अभ्यासात आहे, तेव्हा करंज्या अगदीच निर्दोष सुटत नाहीत. पण ३७० ग्रॅम ओसरीवरून हेरणारी नजर अमेरिकेत नसावी.

या नजरेचा पक्षपातही पाहण्यासारखा. मंडईत सोयरिकी जुळतात. मुलीची कंबर चार घरांत चर्चिली जाते, मुलाचं सुटलेलं पोट मात्र 'खात्यापित्या घरचं' म्हणून पास. आणि हेच गाव दंडारीत दाढी घोटून, लुगडं नेसून नाचणाऱ्या बाप्याला दिवसभर टाळ्या देतं. त्याच्या कमरेचं माप कुणी काढत नाही. सिनेमातही चर्चा बायकांच्याच वजनाची. सचिन कुंडलकरांच्या 'वजनदार'साठी सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी मुद्दाम वजन वाढवलं. तो ११ नोव्हेंबर २०१६ ला, म्हणजे दिवाळीनंतर आणि नोटाबंदीच्या तिसऱ्या दिवशी आला. त्या आठवड्यात देशाला पाकिटाच्या वजनाची चिंता होती.

खरी गोची पुढे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रियांचं वजन गरजेपेक्षा जास्त निघालं, १८.७ टक्के स्त्रियांचं कमी. म्हणजे आत्याबाई आणि मामी, दोघींनाही गिऱ्हाईक आहे. पण त्याच सर्वेक्षणात ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं, आणि ते जाडीतही लपतं, बारकाईतही. ओसरीवरच्या तपासणीत नेमकं तेवढंच दिसत नाही.

तेव्हा आत्याबाई, यंदा लेक आली की धान किती झाला ते विचारा, रात्रीचं नाटक कोणतं ते सांगा, ताट वाढा आणि ती पुरे म्हणाली की हात आवरा. फारच काळजी वाटली तर तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा, रक्त तिथे फुकट तपासतात. आणि जाताय तशा तुमचंही तपासून घ्या.