वंशावळ कशाला पाहिजे?

चाळीसगावकडे एखाद्या भाऊबंदाला पणजोबाचं नाव विचारून पाहा. नाव मिळत नाही, उलट प्रश्न येतो, ‘वावरना काही लफडा शे का?’ वंशावळ म्हटलं की लोकांना वारस, फेरफार आणि वाटणीच आठवते. आपला मूळ पुरुष कुठून येऊन या गावात स्थिरावला, एवढंच जाणून घ्यायचं आहे, यावर कुणी विश्वासच ठेवत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

मग राहतो जातीचा दाखला. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो हाती आला की शोध थांबतो.

त्यामागे जायचं तर गाव नमुना १४, म्हणजे आपलं कोतवाल बुक. पानं हात लावताच तुटतात, अक्षर मोडी. तेही सोसता येतं. पण जन्माच्या नोंदीत बापाचं नाव, जात, तारीख आणि पुढे नुसतं ‘मुलगा’! त्या बापाला मुलगे अनेक. त्यातला आपला कोणता?

याच तालुक्यात पाटण्याला चांगदेवाने आपल्या घराण्याच्या नऊ पिढ्या दगडावर कोरून ठेवल्या. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग गणिती भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव स्वतः. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने मठ काढला. इथल्या निकुंभ राजघराण्यातल्या सोईदेवाने शके ११२८ मध्ये मठाला दान दिलं. तेलाच्या घाण्यामागे मठाला पळीभर तेल द्यायचं, इतका बारीक तपशील त्या शिलालेखात आहे. या नऊ जणांत बाई एकही नाही, ही खंत मला आहेच. तरी भाऊ दाजी लाडांनी १८६५ साली तो लेख अभ्यासकांपुढे आणला आणि एक घराणं सलग हाती लागलं. आमच्या दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं मात्र नाव सापडत नाही.

२०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली, मोडी वाचणारे बसवले. शोध ‘कुणबी’ या नोंदीचा होता. त्याच पानांवर कोळी आहेत, माळी आहेत, वंजारी आहेत. दप्तर उघडलंच आहे तर अख्खं पान देवनागरीत उतरवा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.