बारा नंबर

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ या म्हणीला पुरावा मागायचा नसतो. मागितलाच, तर आमच्या गल्लीतला माणूस आत जातो आणि पत्र्याची पेटी घेऊन बाहेर येतो. पेटीत पाने, पक्कड, दात गेलेली कानस, सायकलचे छर्रे आणि कशाचे ते कधीच न आठवणारे नट असतात. ती उघडली की माणूस इंजिनिअर होतो. मग एरवी तो शाळेत व्याकरण शिकवत असो, नाहीतर कृषी विद्यापीठात ज्वारीच्या मागे लागलेला असो.

आमचे मेहुणे बँकेत आहेत. पेटी त्यांच्या वडिलांची.

मे महिन्यात आमच्या गाडीचा सायलेन्सर बोलू लागला. वसमत रोडला निघालं की मागून ट्रॅक्टर आला असं समजून लोक बाजूला व्हायचे. मेहुण्यांनी नुसतं ऐकून निदान केलं, “जोडावरची पॅकिंग गेली. तीन बोल्ट काढायचे, नवी टाकायची, तीन बोल्ट आवळायचे. याला गॅरेज कशाला?” दोन बोल्ट कुरकुरत का होईना, निघाले. तिसऱ्याने सगळ्या गल्लीला कामाला लावलं.

याचं मूळ त्या पेटीत आहे. मेहुण्यांच्या वडिलांकडे अँबॅसॅडर होती. अँबॅसॅडर मुळात विलायतेची मॉरिस ऑक्सफर्ड, त्यामुळे तिचे बोल्ट इंचातले. पुढे 1983 साली मारुती आली ती जपानी घराण्यातली. मग दहा, बारा, चौदा, सतरा असे मिलिमीटरमधले नंबर मिस्त्रींच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झाले. देशात मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, पण त्याची अंमलबजावणी पत्र्याच्या पेट्यांपर्यंत न्यायला कुणी तलाठी नेमला नाही. पेटीतला अर्धा इंची पाना 12.7 मिलिमीटरचा. बारा नंबरच्या बोल्टला तो बसतो. चांगला ऐसपैस बसतो. मात्र असा सैल पाना बोल्टच्या सपाट अंगाला धरत नाही, कोपऱ्यांवर रेलतो. त्यात मेहुणे अंगाने दणकट, आणि पान्याला त्यांनी पाइपचा तुकडा जोडलेला. दांडा दुप्पट झाला की जोर दुप्पट, एवढं विज्ञान बँकेतही चालतं. व्हायचं ते झालं. सहा कोपरे गेले आणि बोल्टचं डोकं चोखलेल्या लिमलेटच्या गोळीसारखं गुळगुळीत होऊन चमकायला लागलं.

आता यात बोल्टचा काय दोष? आवळताना तो केसभर ताणला जातो, पुन्हा आखडायला बघतो, आणि त्या ओढीने दोन तुकडे एकमेकांना धरून राहतात. नेमून दिलेलं काम तो करत होता. वर पाथरीकडच्या शेतातली काळी माती. आमची ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि मधल्या काळात गाडीच्या पोटाला चिकटून बसते. एकदा लेप बसला की आतली ओल दिवाळीपर्यंत हलत नाही. गंज म्हणजे काही नुसता रंग नव्हे. झिजलेल्या लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा तो व्यापतो, आणि बोल्टच्या आट्यांमध्ये जास्तीची जागा असतेच कुठे?

फसलेला बोल्ट आणि लग्न न जमणारा मुलगा, दोन्ही बाबतींत सल्ला फुकट मिळतो. एसटीतून रिटायर झालेले समोरचे काका म्हणाले, रात्रभर डिझेलमध्ये भिजू द्या. भाच्याने कोकाकोला सुचवला. त्यात फॉस्फरिक आम्ल असतं हे खरं, पण निम्मी बाटली गाडीखाली पोचायच्या आतच संपली. कुणी तरी डब्ल्यूडी-40 चा डबा आणला. अमेरिकेत 1953 साली हे पाणी हटवणारं मिश्रण चाळिसाव्या प्रयत्नात जमलं, म्हणून नावात चाळीस. भाच्याने ही माहिती मोठ्याने वाचून दाखवल्यावर मेहुण्यांना जरा धीर आला. बोल्ट कुठल्या बाजूला फिरवायचा यावरही दोन तट पडले, कारण डोकं पलीकडे असलं की उजवं-डावं उलटतं. चार-पाच मोठी माणसं भर उन्हात हवेत बोटं फिरवत उभी होती. शेवटी आमच्या ताई चहा घेऊन आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, त्या उस्तादांना बोलवा आता.”

जिंतूर रोडचे उस्ताद आले. गाडीखाली सरकले, बोल्टवर बोट फिरवलं आणि हा कुणी केला, असं विचारलं नाही. चांगला मिस्त्री ते विचारत नाही. उरलेल्या डोक्यावर त्यांनी एक नवा नट ठेवला आणि त्याच्या भोकातून वेल्डिंग केलं. म्हणजे पान्याला धरायला नवे सहा कोपरे आले आणि शेकही बसला. तीनशे अंशांची आच लागली तरी आठ मिलिमीटरच्या लोखंडात फरक पडतो तो जेमतेम तीन शतांश मिलिमीटरचा. पण गंजाची पकड तेवढ्याने तडकते. मेहुण्यांनी घाईने पाइप पुढे केला. उस्तादांनी तो बाजूला ठेवला.

“जबरदस्ती नक्को साब. पहले थोडा कसो, फिर खोलो.”

आणि खरोखरच त्यांनी बोल्ट आधी आवळला. अगदी किंचित. खालून कर्रर्र असा कोरडा आवाज आला. कट् असा आला असता तर बोल्ट तुटला असता. कर्रर्र म्हणजे गंज सुटला. मग थोडा उलटा, थोडा सुलटा, पुन्हा थेंबभर डिझेल, पुन्हा उलटा. प्रत्येक वेळी आट्यांतून विटकरी भुकटी गळत होती. शेवटचे वेढे तर त्यांनी बोटांनीच काढले.

नवी पॅकिंग बसली, नवे बोल्ट आवळले गेले. वसमत रोडला चक्कर मारली तर ट्रॅक्टर गायब. गाडी इतकी शांत झाली की पुढच्या डाव्या चाकातून येणारी बारीक कटकट पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आली. मेहुण्यांनी काच खाली करून कान बाहेर काढला, डोळे मिटले आणि म्हणाले, “किरकोळ आहे हो हे. एकच तर बोल्ट काढावा लागेल.”