वर्ध्यात बर्फ पडलाच तर

कापसाला भाव असो नसो, दिवाळी उलटली की वर्धा जिल्ह्यातल्या काही अंगणांत नवी एसयूव्ही येऊन उभी राहतेच. आठवडाभरात मालकाला कंपनीचे टायर फार सभ्य वाटू लागतात. मग ऑल टेरेनचा, म्हणजे ‘एटी’चा, शोध सुरू होतो. कारण विचारावं तर उत्तर तयार असतं : ‘थंडी येऊन राहिली ना भाऊ!’

ही थंडी एकदा नीट पाहून घेऊ. डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बारावर येतो, एखाद्या रात्री त्याच्याही खाली सरकतो. दुपारी तो परत तिशीकडे निघालेला असतो आणि स्वेटर कमरेला बांधलेला असतो. हिवाळी टायरचं मऊ रबर आपला गुण दाखवतं ते साधारण सात अंशांच्या खाली. आमच्या उन्हात ते रबर नुसतं झिजतं. राहिला बर्फ. तो आमच्याकडे गारपिटीचा पडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भरपूर पडला होता. त्याला पंचनामा लागला, टायर नाही.

तरी दुकानात टायरच्या बाजूवरचं ‘एम प्लस एस’ दाखवलं जातं. ‘चिखल नि बर्फ, दोन्हीत चालते.’ ही अक्षरं कंपनी नक्षीच्या जोरावर स्वतःच छापते, त्यासाठी बर्फावर परीक्षा द्यावी लागत नाही. परीक्षा दिलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. जर्मनीने ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या ‘एम प्लस एस’ला हिवाळी टायर मानणं बंद केलं. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. तिकडे स्थायिक झालेली आपली पोरं दर वर्षी त्या खर्चाने कावतात, आणि इकडे त्यांचे काका तोच खर्च हौसेने करतात. कुणी म्हणेल, आम्ही मनालीला जाणार आहोत. जा की! पण तिथे रस्त्यावर बर्फाचा काच झाला की पोलीस चाकाला साखळी आहे का ते विचारतात. साखळी भाड्याने मिळते, तिच्यासाठी वर्षभर एटीचा गोंगाट ऐकायची गरज नाही.

‘बर्फ जाऊ द्या, चिखल तर आहे!’ हा मुद्दा खरा. मात्र आमचा चिखल काळ्या मातीचा आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि जे सापडेल त्याला चिकटते. एटीच्या नक्षीतल्या फटी ती काही वावांतच लिंपून टाकते, मग तो महागडा टायर आणि शेजारच्या अल्टोचा गोटा झालेला टायर यांत फरक उरतो तो फक्त हप्त्याचा. या मातीत ट्रॅक्टर चालतो, कारण त्याच्या मागच्या चाकाच्या उंच, तिरप्या कडांमध्ये हातभर मोकळी जागा असते. तोही कधीकधी फसतो आणि दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागतो. याच मातीतलं सेवाग्राम पूर्वी शेगाव होतं. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला गेले तेव्हा त्यांचे सचिव महादेवभाई देसाई वर्ध्याच्या मगनवाडीहून तिथवर पायी ये-जा करीत. पायाची नक्षी ते कुठल्या दुकानात निवडायला गेले नव्हते.

शिवाय हिवाळ्यात हा चिखल असतो कुठे? तेव्हा पांदण वाळून दगड झालेली असते. आणि त्या पांदणीवर रोज जाणारा कास्तकार दुचाकीवर जातो, मागे बायको आणि मांडीवर फवारणीचा पंप घेऊन. ऑल टेरेन म्हणावं असं आयुष्य त्याचं आहे. त्याच्यासाठी २०२१ मध्ये सरकारने मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली. पांदण रस्ता झाली तर टायरचा प्रश्नच मिटतो, म्हणून बहुधा घाई नाही.

एटी कुणी घ्यावेच नाहीत असं माझं म्हणणं नाही. कारंजा-आष्टीकडच्या टेकाडांत मुरूम-गिट्टीच्या वाटेवर ज्याची रोज फेरी आहे त्याला ते उपयोगाचे. त्यांची बाजू जाड असते, फटीत अडकलेला खडा बाहेर फेकायची सोय असते. पण तो माणूस किती किलोमीटर कच्च्यात आणि किती डांबरावर, याचा हिशेब आधी करतो. शहरातल्या मालकाचा हिशेब वेगळा असतो. त्याचा सगळ्यांत खडतर प्रवास म्हणजे मंगल कार्यालयाची पार्किंग.

आता खऱ्या रस्त्याकडे येऊ. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. तो आमच्या सेलू-आर्वीकडून जातो. सरळसोट काँक्रीट आणि कारला ताशी १२० ची मुभा. टायर इथे बिघडतो तो तापून. हवा कमी असली की प्रत्येक फेरीला त्याची बाजू वाकते, वाकली की तापते, आणि तासभर असं चाललं की एखाद्या क्षणी फाटते. टायर जुना असेल तर आणखी लवकर. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीच्या तोंडाशीच टायर तपासायला घेतले आणि गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या माघारी धाडल्या. मालकांचा अपमान झाला. नियमाप्रमाणे कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल लागते. गाडीला लाखो मोजणारा माणूस या दीड मिलिमीटरवर घासाघीस करतो.

या काँक्रीटवर जड एटी बसवून काय मिळतं? आवाज वाढतो, मायलेज घटतं, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी थोडी पुढे जाऊन थांबते. काही एटींचा वेगाचा दर्जा कंपनीच्या टायरपेक्षा खालचा असतो, ते अक्षर बाजूवर छापलेलं असतं, वाचतो कोण! वर कुणी एक माप मोठा टायर बसवला की मीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतं. मीटर म्हणतं ११५, कॅमेरा म्हणतो दंड.

वर्ध्यातल्या हिवाळ्यासाठी टायरचा एकच सल्ला आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एका पीएसआयने कमी होते. दुपारी तापल्या टायरात ‘बरोबर’ भरलेली हवा पहाटे कमी निघते. तेव्हा सकाळी, गाडी धावण्याआधी, टायर थंड असताना हवा बघावी. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायर कोणत्या आठवड्यात बनला ते त्याच्याच बाजूवर चार आकड्यांत असतं, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पहाटे धुवारीत कापसाची ट्रॉली मागचा दिवा न लावता हिंगणघाटच्या जिनिंगकडे निघालेली असते. ती दिसल्यावर वेळेत थांबायला हेच कामाला येतं. स्टेपनीची हवाही बघावी. ती गाडी घेतल्यापासून कुणी पाहिलेली नसते.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावरही गिऱ्हाईक एटीच घेतं. दुकानदार मात्र या धंद्यात मुरलेला. माप, भार, वेग यातलं काही विचारत नाही.

‘भाऊ, पांढरी अक्षरं बाहेर ठेवू का आत?’

‘काहून बाप्पा, आत ठेवून कोणाला दाखवू?’