बॅटरी वीस टक्के, घाई नाही

माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर काहीही नाही, आणि हे काहीही नसणं मी येणाऱ्याजाणाऱ्याला मुद्दाम दाखवतो. आयकॉन नाहीत, मेनू नाही, वॉलपेपर म्हणून सपाट राखाडी रंग. खिडक्यांना शीर्षक नाही की बंद करायची फुली नाही. कडेला एका पिक्सेलची रेघ तेवढी आहे, तीही चालू खिडकीपुरती रंगीत. सासऱ्यांनी चष्मा सारखा करून पाहिलं आणि हळूच विचारलं, "जावईबापू, चालू होत नाहीये का?" इतकी मनापासून दाद मला दुसऱ्या कुठल्याच कामाला मिळालेली नाही.

हा साधेपणा एकादशी दुप्पट खाशी या जातीचा आहे. विकत घेतल्या दिवशी लॅपटॉपवर जे आपोआप चालत होतं, ते सगळं आधी काढून टाकायचं. मग आवाज कमी-जास्त करणं, वायफाय जोडणं, पडदा मंद करणं हे एकेक स्वतःच्या हाताने परत आणायचं. शेवटी निघालो तिथेच पोचतो, पण ताठ मानेने.

सुरुवात मी आय-थ्रीपासून केली. मायकेल स्टापेलबर्ग या जर्मन प्रोग्रामरने २००९ साली सुरू केलेला हा विंडो मॅनेजर खिडक्या एकमेकींवर न रचता फरशांसारख्या शेजारी शेजारी बसवतो. माउसला हात लावणं तेव्हापासून मला कमीपणाचं वाटू लागलं. एका खिडकीवरून दुसरीवर जायला आय-थ्रीत मुळात जे, के, एल आणि अर्धविराम या कळा आहेत. त्या बदलून मी एच, जे, के, एल केल्या, कारण सत्तरच्या दशकातल्या एडीएम-थ्री-ए टर्मिनलवर बाण याच चार कळांवर छापलेले होते आणि बिल जॉयने आपला व्हीआय एडिटर त्यावरच लिहिला. हे टर्मिनल मी आयुष्यात पाहिलेलं नाही. पण परंपरा ती परंपरा.

एवढं सगळं काढून टाकल्यावर वर एक बोटभर पट्टी ठेवली, स्टेटस बार. तिच्यावर प्रोसेसरचं तापमान, किती मेमरी खर्च झाली, कर्नलची आवृत्ती, आणि बाहेरचं हवामान. मी खिडकीशेजारी बसतो. पाऊस पडतोय हे मला पट्टीवर वाचून कळायचं आणि मग मी खात्रीसाठी बाहेर बघायचो.

पण खरा जीव जडला तो बॅटरीवर.

लिनक्समध्ये बॅटरी ही एक फाइल असते, हे ज्याला माहीत नाही त्याची मला दया येते. 'सिस' नावाच्या फोल्डरात 'क्लास', त्यात 'पॉवर सप्लाय', त्यात 'बॅट झीरो', आणि त्यात 'कपॅसिटी' नावाची फाइल. उघडली की आत एकच आकडा: ६३. पुन्हा उघडली की ६२. शेजारी 'स्टेटस' नावाची फाइल आहे, तीत चार्जिंग की डिसचार्जिंग ते लिहिलेलं असतं. काही दिवस मी काम न करता नुसता या दोन फाइली उघडून वाचत असे. जिथे मासिकं मिळत नाहीत अशा गावी मी वाढलो, वाचनाची भूक दांडगी.

त्याच फोल्डरात आणखी दोन फाइली आहेत. एकीत ही बॅटरी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्यात किती वीज मावायची ते मायक्रोवॅट-तासांत दिलेलं असतं, दुसरीत आज किती मावते ते. मी भागाकार केला. दोन तृतीयांशसुद्धा उरलेली नाही. म्हणजे पट्टीवर रोज सकाळी दिसणारे १०० टक्के हे उरलेल्याचे १०० टक्के असतात. पंचेचाळीस उलटल्यावर हा हिशेब माणसाने करू नये.

मग सूचनेची स्क्रिप्ट लिहिली. दर मिनिटाला आकडा वाचायचा, चार्जिंग चालू नसेल आणि आकडा ठरावीक रेषेखाली गेला असेल तर पडद्याच्या कोपऱ्यात चौकट दाखवायची. हे काम ठरल्या वेळी कामं उरकणाऱ्या क्रॉनकडे दिलं. क्रॉन वेळेचा पक्का, पण समोर कोण बसलंय आणि कुठल्या पडद्यावर, हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. बॅटरी संपत आल्याची वर्दी तो दर मिनिटाला इमानेइतबारे देत होता, फक्त ती कुणाला दिसत नव्हती. आपलं काम होत नाहीये ही तक्रार तो टपालाने कळवतो, पण टपालाची व्यवस्था मी साधेपणापोटी काढून टाकलेली. सेशनचा पत्ता त्याच्या हातात दिल्यावर गाडं रुळावर आलं, तर तीच चौकट मिनिटामिनिटाला येऊ लागली. मग 'हे एकदा सांगून झालंय' असं टिपून ठेवणारी आणखी एक फाइल.

यानंतर उरला मजकूर, आणि तिथे मी हात सैल सोडला. ३० टक्क्यांना: 'सांगून ठेवतोय.' २० ला: 'बॅटरी वीस टक्के. घाई नाही, पण चार्जर कुठे ठेवलाय ते आठवा.' १० ला: 'लिहिलेलं सेव्ह करा, चांगलं असो वा नसो.' आणि ५ ला नुसतं: 'निघतो.' बायकोने मागे उभं राहून चारही वाचले. म्हणाली, "हा तुझ्यापेक्षा मोकळं बोलतो रे."

इथे थांबायला हरकत नव्हती. पण आय-थ्री एव्हाना बरेच जण वापरू लागले होते. मी डीडब्ल्यूएम या दुसऱ्या विंडो मॅनेजरकडे वळलो. त्याला सेटिंगची फाइल नसते. रंग बदलायचा तर सी भाषेतला मूळ कोड बदलून पुन्हा कंपाइल करायचं. यामुळे वापरणारे मोजके आणि उच्चभ्रूच राहतील, असं त्याच्या कर्त्यांनीच लिहून ठेवलंय. कोड २००० ओळींपलीकडे जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा पण. मला घरी आल्यासारखं वाटलं.

सोमवारी पट्टीवर वार मराठीत आणला. 'सोमवार'. सुबक, काळ्यावर पांढरा. मंगळवार, बुधवार, गुरुवारही तसेच. शुक्रवारी 'क्र' फुटला: पाय मोडलेला क, आणि शेजारी एकटा र. दुसऱ्या दिवशी पट्टीवर उगवला 'शनविार'. त्यानंतर 'रवविार'. गुरुवारपर्यंत मराठी ठीक आणि सुट्टी जवळ आली की मोडते, असा हा प्रकार.

कारण कळायला सोपं आहे. 'शनिवार' साठवताना न आधी आणि वेलांटी नंतर असते. दाखवताना वेलांटी अलीकडे आणावी लागते, क आणि र जोडून 'क्र' घडवावा लागतो. हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. डीडब्ल्यूएम तिच्या वाटेला जात नाही, आलेली अक्षरं एकामागे एक मांडून मोकळा होतो. इंग्रजीला तेवढं पुरतं. बॅटरीची चौकट मात्र डन्स्ट नावाचा वेगळा प्रोग्राम मजकूर मांडणाऱ्या पँगोमार्फत काढतो आणि पँगो हार्फबझला विचारतो, म्हणून कोपऱ्यात मराठी धड आणि वर मोडकी.

त्या दिवशी मला खरोखर राग आला. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, गनोम, ज्यांना बोजड म्हणून मी नाकं मुरडली, तिथे माझा शनिवार कधीच मोडला नव्हता. कुणीतरी बाराखडी आणि जोडाक्षरांचे नियम बसून कोडमध्ये उतरवले होते. लोहित फाँटची निगा तर पुण्यात रेड हॅटच्या माणसांनी वर्षानुवर्षं राखली. मी एकाचंही नाव कधी विचारलं नाही. नको ते काढून टाकायचं ठरवताना 'नको' कुणाला, हा प्रश्नच मला पडला नव्हता. २००० ओळींत ज्यांची भाषा मावते त्यांनी खुशाल मिरवावं. माझ्या भाषेला जास्त ओळी लागतात, आणि त्या कुणीतरी आधीच लिहून ठेवल्यात.

आय-थ्रीकडे परत आलो. त्याची पट्टी पँगो वापरते. उच्चभ्रूपणा गेला, वेलांटी आली. तापमान, कर्नल, हवामान काढून टाकलं. वार, तारीख, वेळ आणि बॅटरी ठेवली. आकडेही देवनागरी हवेत म्हणून अक्षरं बदलणाऱ्या 'टीआर' कमांडला सांगितलं, पण तो एकेक बाइट बदलतो आणि आपल्या एका आकड्याला तीन लागतात. 'सेड'ने ते मुकाट्याने केलं.

परवा भाचा आला होता. पट्टी बघून म्हणाला, "मामा, हे तर माझ्या फोनवर पहिल्यापासून आहे." मी खुर्ची ओढून घेतली आणि म्हटलं, बरोबर, कारण अँड्रॉइडमध्येही हार्फबझ असतो, आता नीट ऐक, वेलांटी साठवताना नंतर असते. तो लगबगीने उठला. "मामा, चार्जर घरी राहिलाय. फोन बंद पडेल, निघतो."

त्याच्या पडद्यावर स्वच्छ देवनागरीत ७४ टक्के लिहिलेलं मला बसल्या जागेवरून दिसत होतं.