पाहायचे पैसे कायचे?

दारव्ह्यात उभ्या गाडीचं इंजिन थरथरायला लागलं, की मेकॅनिक शोधत हिंडायचं कारण नाही. बस स्टँडजवळ गाडी चालू ठेवून चहाला उतरावं. कप हातात येईपर्यंत बॉनेट उघडलेलं असतं. ते कोणी उघडलं, हे विचारायची पद्धत नाही. "मिस मारून रायली," यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि एकमत तिथंच संपतं. एक म्हणतो प्लग गेले. दुसरा म्हणतो, "प्लगानं असं होत नाही भाऊ, कॉइलच गेली." तिसऱ्याच्या साळ्याच्या गाडीला हेच झालं होतं आणि शेवटी इंजिन खोलावं लागलं, हे तो फार समाधानानं सांगतो. चौथा "तीनच सिलिंडरवर चालून रायली" असं जाहीर करतो. कंपनीनं मुळात तीनच दिलेत, हे त्याला सांगणं जिवावर येतं. पाचवा काही न बोलता आत बसून रेस देतो, थरथर थांबते, आणि तो गाडी बरी झाली असं समजून निघून जातो.

या पाच जणांत पुरावा सापडलेला असतो तो एकट्या पाचव्याला. थरथर फक्त आयडलिंगला आणि रेस दिली की गायब, तर पहिला संशय चोरट्या हवेवर घ्यावा. फाटलेला व्हॅक्यूम पाइप, नाहीतर इनटेकचं गॅस्केट. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला ७००-८०० फेरे मारतं आणि हवा बेताचीच घेतं. त्या बेताच्या हवेत वाटेतून शिरलेली हवा हिशेब बिघडवते. रेस दिली की अधिकृत हवाच इतकी येते, की चोरी त्यात दिसेनाशी होते. (शासकीय योजनांचे जाणकार हे चटकन समजतील.) उलट मिस चढावर, पाच माणसं बसवल्यावर मारत असेल, तर प्लग, कॉइल, पेट्रोलचं प्रेशर तपासावं. पावसाळी सकाळी बिघडून ऊन पडल्यावर सुधारणारी गाडी बहुधा तडा गेलेल्या कॉइलची असते.

पण गाडीला एवढं बोलू कोण देतो? आपल्याकडे उपचाराला 'टाकून पाहू' म्हणतात. आधी प्लग टाकून पाहू. मग कॉइल. मग इंजेक्टर. पार्ट यवतमाळहून येतो, तिथं नसला तर अमरावतीहून. काढलेला जुना पार्ट फडक्यात बांधून डिकीत ठेवला जातो, म्हणजे ग्राहकाला व्यवहार चोख झाल्यासारखा वाटतो. तो पार्ट चांगला होता, ही बारीक गोष्ट फडक्यात राहते.

आता स्कॅनर आला, त्यामुळे चुकांना शास्त्रीय आधार मिळाला. पडद्यावर पी०३०२ उमटतं. याचा अर्थ, दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. का जळत नाही, हे तो कोड सांगत नाही. गाडीतला संगणक क्रँकशाफ्टच्या फिरण्यावर नजर ठेवतो, कोणाच्या पाळीला फिरणं मंदावलं ते टिपतो, बस. तो आरोपीचा घरनंबर देतो आणि आपण फाशीची तयारी करतो. पी०३०० आला, म्हणजे एक कोणी हाती लागत नाही, तर मग सगळ्याच कॉइल नव्या. चौकशी समितीला दोषी सापडला नाही की अख्ख्या कार्यालयाची बदली होते, तसं.

खरी तपासणी किती सोपी! दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावायची, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसायचा आणि दिग्रस रोडला एक चक्कर मारून यायची. आता पी०३०३ आला, तर कॉइल दोषी. पी०३०२ च राहिला, तर कॉइल सुटली. मग प्लगाची तशीच अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कम्प्रेशन. यात पार्ट एकही लागत नाही, आणि घोडं तिथंच पेंड खातं. मेकॅनिकनं तासभर डोकं लावून एक सैल नळी दाबून बसवली आणि दोनशे रुपये मागितले, तर आपण काय म्हणतो? "काहीच बदललं नाही, मंग पैसे कायचे?" त्यालाही पोट आहे. पाहायचे पैसे मिळत नसतील तर तो पाहणार नाही, बदलेल. चार हजारांच्या कॉइलवर आपण घासाघीस करतो ती फक्त दीडशे रुपये कमी करायला.

सध्या तर सगळ्या दुखण्यांना इथेनॉल हे एकच उत्तर आहे. २०३० पर्यंत गाठायचं २० टक्के मिश्रण देशानं २०२५ मध्येच गाठलं, मायलेज थोडं घटतं हे सरकारनंही मान्य केलं, जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांची काळजीही खोटी नाही. पण पेट्रोल सगळ्या सिलिंडरना एकाच टाकीतून जातं. त्यानं एकट्या दुसऱ्यावरच डूख का धरावा?

पार्ट बदलण्याचं माहात्म्य या गावाला निदान रेल्वेनं तरी शिकवायला हवं होतं. दारव्ह्यावरून जाणाऱ्या मूर्तिजापूर-यवतमाळ 'शकुंतला' गाडीचं १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला काढलं आणि डिझेलचं लावलं. रूळ तेच ठेवले. नवं इंजिन जुन्या रुळांवरून रखडत चाललं, आणि पुढे गाडीच बंद पडली. पण इंजिन बदललं होतं, हे कोणी नाकारू शकत नाही.

दरम्यान डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकतो. नुसता पेटलेला दिवा थांबू शकतो. लुकलुकणारा थांबत नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतंय, असं तो सांगतो, आणि कन्व्हर्टरच्या किमतीत चांगली जुनी मोटरसायकल येते. यावर आपल्याकडे काळी चिकटपट्टी मिळते. दिव्यावर ती लावली, गाण्यांचा आवाज वाढवला, की नेरपर्यंत काही त्रास होत नाही.

एवढं करूनही थरथर राहिलीच, तर गाडी विकायला काढतात. जाहिरात मात्र एका अक्षरानं खोटी नसते: प्लग, कॉइल, इंजेक्टर, पंप सगळं नवीन टाकलेलं आहे. घेणारा लांबून येतो, टायर दाबतो, रंगावरून हात फिरवतो, दार दोनदा आपटून पाहतो आणि गाडी चालू न करताच भाव विचारतो.